जाहिरात सानपाड्याची, ग्राहक नागपूरचा

नवी मुंबईतल्या सानपाड्यात सीएसएमटी-पनवेल आणि ठाणे-वाशी अशा दोन्ही मार्गांच्या लोकल थांबतात. महामार्गापलीकडे एपीएमसीचा घाऊक बाजार, दुसऱ्या बाजूला सोसायट्या, पुढे पाम बीच रोड आणि खाडी. समजा, इथल्या एखाद्या पोळी-भाजी केंद्राने मोबाइलवर जाहिरात द्यायचं ठरवलं. नकाशावर स्टेशनभोवती तीन किलोमीटरचं वर्तुळ काढलं, पैसे भरले. आता आसपासच्या घराघरात जाहिरात पोहोचणार, असं मालकीणबाईंना वाटतं. इथेच पहिला गैरसमज आहे.

त्या वर्तुळाचा एक तुकडा खाडीत आणि कांदळवनात जातो, एक तुकडा एपीएमसीत, जिथे दिवसभर परगावच्या ट्रकचालकांची ये-जा असते. लोकल बदलायला स्टेशनवर उतरलेला प्रवासीही त्यात मोजला जाऊ शकतो. गूगलच्या जाहिरातीत आणखी एक मेख आहे. ठिकाणाची मूळ सेटिंग बदलली नाही, तर त्या जागी असलेल्यांबरोबरच त्या जागेत रस दाखवणाऱ्यांनाही जाहिरात दिसू शकते. म्हणजे नागपुरात बसून सानपाड्यातल्या फ्लॅटची माहिती शोधणारा माणूसही त्यात आला. घरांच्या एजंटला नेमका हाच ग्राहक हवा असतो; पोळी-भाजी केंद्राचा मात्र त्याच्यावरचा प्रत्येक रुपया वाया जातो. सेटिंग तीच, एकाचा फायदा, दुसऱ्याचा तोटा. खर्च करण्याआधी ही एक ओळ तपासून घ्यायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

दुसरा समज असा, की जो जास्त पैसे मोजेल तोच गूगलवर वर येतो. खरं तर प्रत्येक शोधाच्या वेळी क्षणार्धात एक लिलाव होतो. त्यात बोलीबरोबर जाहिरात शोधाशी किती जुळते आणि क्लिक केल्यावर उघडणारं पान किती उपयोगी आहे, हेही पाहिलं जातं. ‘दहावी गणित क्लास सानपाडा’ असं शोधणाऱ्याला थेट वेळापत्रक आणि फी दाखवणारा छोटा क्लास कमी बोली लावूनही मोठ्या नावाच्या पुढे जाऊ शकतो. नकाशावरच्या दुकानांच्या यादीचा हिशेब तर वेगळाच. तिथला क्रम शोधाशी असलेला संबंध, अंतर आणि दुकानाची ख्याती यांवर ठरतो; पैसे देऊन तो क्रम विकत घेता येत नाही, असं गूगल स्वतःच सांगतं. नकाशावर दुकानाची नोंद करणंही मोफत आहे. ‘गूगलमधून बोलतोय, नोंदीची फी भरा’ असा फोन आला, तर तो सरळ ठेवून द्यावा.

सगळ्यात चिवट समज फोन चोरून ऐकतो हा. घरात सोफ्याचा विषय निघाला आणि संध्याकाळी सोफ्याची जाहिरात दिसली, की खात्रीच पटते. २०१८मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी १७ हजारांहून अधिक अँड्रॉइड अ‍ॅप तपासली. मायक्रोफोन गुपचूप सुरू करून बोलणं बाहेर पाठवल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. काही अ‍ॅप मात्र स्क्रीनचं चित्रण किंवा छायाचित्रं परस्पर बाहेर पाठवत असल्याचं आढळलं.

ऐकण्याची गरजही फारशी नसते. अनेक विक्री-संकेतस्थळांवर फेसबुक-इन्स्टाग्रामवाल्या मेटा कंपनीचा छोटा कोड बसवलेला असतो. कोणी कोणता सोफा पाहिला, हे तो कळवतो. शिवाय दुकानात बिल करताना काउंटरवरचा मुलगा सहज विचारतो, ‘मोबाइल नंबर?’ आणि ग्राहक तितक्याच सहज सांगतो. दुकानाने अशा नंबरांची यादी मेटावर चढवली, की ते नंबर फेसबुक-इन्स्टाग्रामच्या खात्यांशी जुळवले जातात, आणि त्या ग्राहकांसारख्या इतरांनाही जाहिरात दाखवता येते. २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा माहिती कशासाठी घेतली जातेय हे सांगून संमती घ्यायला सांगतो. बिलासाठी दिलेला नंबर जाहिरातीसाठी वापरायचा, तर ते विचारायला हवं. ग्राहकानेही नंबर सांगण्याआधी ‘कशाला?’ म्हणायला लाजू नये.

व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाकला म्हणजे सगळ्यांना गेला, हेही खरं नाही. साध्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण मावतात आणि ज्यांनी दुकानाचा नंबर सेव्ह केलाय, त्यांनाच तो मेसेज पोहोचतो. एसएमएससाठी दूरसंचार नियामक ‘ट्राय’चे २०१८चे नियम आहेत: पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकुराचा नमुना आधी नोंदवावा लागतो, नको असलेल्या मेसेजची तक्रार १९०९ या क्रमांकावर करता येते.

राहिले रिव्ह्यू. ‘पाच स्टार द्या, दहा टक्के सूट मिळवा’ अशी पाटी लावण्यात अनेक दुकानदारांना काहीच वावगं वाटत नाही. पण सूट किंवा भेटवस्तूच्या बदल्यात रिव्ह्यू मिळवणं गूगलच्या नियमांत बसत नाही; असे रिव्ह्यू काढून टाकले जाऊ शकतात. ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी भारतीय मानक ब्यूरोचं आयएस १९०००:२०२२ हे मानकही आहे. जेवून उठलेल्या ग्राहकाला नुसतं ‘आवडलं असेल तर दोन ओळी लिहा’ म्हणायला मात्र कुठलाच नियम आड येत नाही, आणि त्याला खर्चही नाही.