विश्लेषण : मुलांच्या फोटोंवर अनोळखी फॉलोअर, खाते ‘प्रायव्हेट’ केले तरी ते जात का नाहीत?

घरच्यांसाठी म्हणून उघडलेल्या खात्यावर परकी माणसे कशी शिरतात? त्यांना काढले तर त्यांना कळते का? आणि कायदा याबाबत काय म्हणतो?

गेल्या दिवाळीत ताईचा फोन आला. ‘तू इंजिनीअर ना, मग हे जरा बघ.’ तिच्या मुलीच्या नावाने तिने बारशाच्या दुसऱ्या दिवशी इन्स्टाग्रामवर खाते उघडले होते. सोलापूरच्या आजीने आणि अमेरिकेतल्या काकाने बाळाला पाहावे, एवढाच हेतू. तीन वर्षांत फॉलोअर सहाशेच्या पुढे गेले. त्यातले निम्मे कोण, हे तिला सांगता येईना.

त्या रात्री एका अनोळखी खात्याने अगदी पहिल्या फोटोपासून एकेक फोटो लाइक केला होता. दोन वाजता. त्यात टबात आंघोळ करतानाचा फोटोही होता. त्या माणसाने मेसेज केला नव्हता, कमेंट केली नव्हती. तक्रार करावी तर कशाची? पण ताईला झोप लागली नाही.

तिने लगेच खाते प्रायव्हेट केले. दुसऱ्या दिवशी स्टोरी पाहणाऱ्यांच्या यादीत तोच माणूस पुन्हा हजर.

प्रायव्हेट करूनही तो आत कसा?

कारण प्रायव्हेट करणे म्हणजे सोसायटीचे गेट बंद करणे. जे आधीच आत आहेत, ते आतच राहतात. इन्स्टाग्राम जुन्या फॉलोअरना आपोआप बाहेर काढत नाही. ते काम हातानेच करावे लागते. आपल्या प्रोफाइलवर फॉलोअरची यादी उघडायची आणि नावासमोरचे ‘रिमूव्ह’ दाबायचे. समोरच्याला तशी सूचना जात नाही. मात्र तो आपले खाते शोधायला आला तर त्याला कळतेच.

इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी प्रायव्हेट, मग रिमूव्ह. खाते सार्वजनिक असताना एखाद्याला काढले तर तो पुढच्या मिनिटाला पुन्हा फॉलो करू शकतो. फॉलो न करताही फोटो पाहू शकतो, ते वेगळेच.

काहींना प्रायव्हेटचे बटण सापडतच नाही. बहुतेक वेळा त्यांनी खाते कधीतरी ‘प्रोफेशनल’ केलेले असते. किती जणांनी फोटो पाहिला याचे आकडे दिसतात म्हणून अनेक आया हौसेने तसे करतात. ते आधी परत ‘पर्सनल’ करावे लागते. प्रोफेशनल खात्यावरच्या सार्वजनिक पोस्ट गुगलसारख्या सर्च इंजिनमध्येही दिसू शकतात, हे त्यांच्यापैकी किती जणींना माहीत असेल, शंकाच आहे.

प्रायव्हेट खात्याचाही प्रोफाइल फोटो, नाव आणि खाली लिहिलेली माहिती सगळ्यांना दिसते. तिथे मुलीचे पूर्ण नाव, जन्मतारीख आणि गाव असे सगळे लिहिलेले असेल तर ते आधी पुसावे.

रिमूव्ह, ब्लॉक की रिस्ट्रिक्ट?

या तिन्हींत गल्लत होते. रिमूव्ह केलेला माणूस पुन्हा रिक्वेस्ट पाठवू शकतो. ब्लॉक केलेल्याला आपले खाते दिसत नाही. ब्लॉक करताना त्याची इतर खाती आणि पुढे उघडेल ती खातीही अडवण्याचा पर्याय येतो, तोच निवडावा. रिस्ट्रिक्ट केलेल्याची कमेंट फक्त त्यालाच दिसते आणि त्याचे मेसेज रिक्वेस्टमध्ये जाऊन पडतात. पण फोटो त्याला पूर्वीसारखेच दिसत राहतात. त्यामुळे अनोळखी माणसासाठी रिस्ट्रिक्टचा काही उपयोग नाही. ‘किती बारीक झाली गं, आई खायला देत नाही का?’ असे दर फोटोखाली लिहिणाऱ्या नातेवाइकांसाठी मात्र ते वरदान आहे.

आणि जो ओळखीचाच आहे, पण नकोसा आहे?

खरी अडचण इथे येते. जुन्या ऑफिसातला सहकारी, बिल्डिंगमधले एक काका, कुणाच्या तरी लग्नात एकदा भेटलेला दूरचा भाऊ. त्यांनी काही वाईट केलेले नाही, पण मुलीचा रोजचा दिवस त्यांना दिसावा असेही वाटत नाही. काढले तर पुढच्या कार्यात ‘मला काढलंस का गं?’ हा प्रश्न ठरलेला.

अशांना न दुखावता ‘हाइड स्टोरी’च्या यादीत टाकता येते, किंवा मुलांच्या स्टोरी फक्त ‘क्लोज फ्रेंड्स’साठी ठेवता येतात. ताईने वेगळे केले. ‘हे खाते आता फक्त घरच्यांसाठी ठेवतेय, कुणी वाईट वाटून घेऊ नका’ अशी स्टोरी टाकली, एक दिवस थांबली आणि मग आम्ही दोघांनी बसून चारशेहून अधिक जणांना काढले. दोन तास गेले. नंतर दोन फोन आले. दाजींची एक चुलत आत्या खरेच नाराज झाली. तिला आता महिन्याला दोन फोटो व्हॉट्सअॅपवर जातात. मला तरी हे सांगून करणेच बरे वाटले. गुपचूप काढलेले शेवटी कळतेच.

ज्याच्यामुळे हे सुरू झाले, त्याला काढण्याआधी मात्र त्याच्या प्रोफाइलचा स्क्रीनशॉट घेतला आणि लिंक जपून ठेवली. ब्लॉक केल्यावर हे पुरावे गोळा करणे अवघड होते, म्हणून आधी पुरावा, मग ब्लॉक.

फेसबुकवर काय वेगळे आहे?

फेसबुकवर मित्र आणि फॉलोअर या दोन वेगळ्या याद्या असतात. आपले सेटिंग सार्वजनिक असेल तर ज्याची फ्रेंड रिक्वेस्ट आपण स्वीकारलीच नाही, तोही फॉलोअर होऊन बसतो. म्हणून ‘मला कोण फॉलो करू शकते’ हे सेटिंग ‘फ्रेंड्स’वर आणावे. जुन्या सार्वजनिक पोस्ट एका फटक्यात फक्त मित्रांपुरत्या करण्याची सोयही तिथेच आहे. भारतात २०२० पासून ‘प्रोफाइल लॉक’ मिळते, त्यात ही बरीच कामे एकदम होतात. वरचा कव्हर फोटो मात्र सार्वजनिकच असतो, तिथे मुलांचा फोटो ठेवू नये.

मग गळती कुठून होते?

घरातूनच. ताईचे खाते बंदिस्त झाले तेव्हा लक्षात आले, की तेच फोटो आमच्या आईच्या फेसबुकवर सार्वजनिक आहेत. शिवाय मामाच्या व्हॉट्सअॅप स्टेटसला, आणि मामाच्या फोनमध्ये प्लंबरपासून प्लॉटच्या एजंटापर्यंत सगळ्यांचे नंबर. आईशी बोलायचे काम माझ्याकडे आले. ‘म्हणजे मी माझ्या नातीचा फोटो टाकायचा नाही?’ या प्रश्नाला सेटिंगमध्ये उत्तर नाही. पोस्टच्या तारखेशेजारचे पृथ्वीगोलाचे चिन्ह दाखवले, ‘हे असलं की जगातल्या कुणालाही दिसतं’ असे सांगितले, तेव्हा तिने स्वतःच ते बदलले. व्हॉट्सअॅप स्टेटससाठी ‘ओन्ली शेअर विथ’ निवडून घरच्यांची यादी एकदाच केली की पुरते.

फोटोत मागे काय आहे, हेही पाहायला हवे. शाळेच्या गणवेशावरचा बिल्ला, सोसायटीची पाटी, गाडीचा नंबर. बारशाच्या डिजिटल पत्रिकेत तर घरचा पत्ता आणि नकाशाची लिंकही असते. इन्स्टाग्राम किंवा व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा फोटो टाकला तर फाइलमधली ठिकाणाची नोंद पाहणाऱ्यापर्यंत जात नाही. पण तोच फोटो व्हॉट्सअॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर ती तशीच राहते. गुगल फोटोजच्या अल्बमची लिंक पुढे गेली की लिंक मिळालेला कुणीही तो अल्बम उघडू शकतो.

कायदा काय म्हणतो?

नुसते फॉलो करणे किंवा लाइक करणे हा गुन्हा नाही. मात्र महिलेने स्पष्ट नकार देऊनही पुरुषाने वारंवार संपर्क साधणे किंवा तिच्या ऑनलाइन वावरावर पाळत ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. संहितेत ‘महिला’ या शब्दात कोणत्याही वयाची मुलगी येते. लैंगिक हेतूने मुलांचा सतत पाठलाग करणे, त्यांच्यावर नजर ठेवणे किंवा संपर्क साधणे यासाठी पोक्सो कायद्याचे कलम ११ आहे, आणि ते मुलग्यांनाही लागू होते.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. पण व्यक्तीने खासगी किंवा घरगुती कारणासाठी केलेला वापर त्यातून वगळलेला आहे. म्हणजे मामाचे स्टेटस या कायद्याच्या कक्षेत येत नाही. तिथे मामाशीच बोलावे लागते.

मुलाचा फोटो दुसऱ्याच नावाने कुणी वापरला तर पालक थेट इन्स्टाग्रामकडे तक्रार करू शकतात. १८ वर्षांखालील मुलांचे फोटो सर्चमधून काढण्यासाठी गुगलचा अर्ज आहे. प्रकार गंभीर असेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल किंवा जवळचे पोलिस ठाणे, आणि मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८.

ताईच्या खात्यावर आता पावणेदोनशे माणसे आहेत. आईच्या व्हॉट्सअॅपचा डीपी अजूनही नातीचाच आहे. ‘तेवढा राहू दे,’ म्हणाली. तो ‘एव्हरीवन’वरून ‘माय कॉन्टॅक्ट्स’वर आणून दिला आहे.