एकच रस्ता, दोन नशिबं

तमिळनाडूच्या अनामलाई डोंगरांत वालपराई हे चहामळ्यांचं गाव आहे. तिथे रस्त्यावरून या झाडाकडून त्या झाडाकडे टांगते पूल बांधलेत, तेही सिंहपुच्छ माकडांसाठी. काळं अंग, तोंडाभोवती करडी आयाळ, शेपटीला सिंहासारखा गोंडा. हे माकड जगात फक्त पश्चिम घाटात, कर्नाटकापासून दक्षिणेकडे सापडतं. रानात उरलीत जेमतेम 4,000 च्या आसपास.

याचं खाणं, झोपणं, बाळंतपण सगळं झाडावर. फांदीला फांदी भिडलेली असली की ते निश्चिंत. मध्ये डांबरी पट्टा आला की वाट खुंटते, आणि खाली उतरावं तर गाडीखाली येण्याची भीती. मादीला पहिलं पिल्लू सहाव्या-सातव्या वर्षी होतं, तेही एकच; पुढच्यासाठी आणखी दोन-तीन वर्षं. त्यामुळे एक मादी चिरडली, तरी कळपाचं नुकसान वर्षानुवर्षं भरून निघत नाही.

याउलट, चंदेरी मॉसला रस्ता म्हणजे आयतं घर. ब्रायम अर्जेन्टियम हे त्याचं शास्त्रीय नाव. फरशीच्या सांध्यात, गच्चीच्या कठड्यावर, भिंतीच्या भेगेत ते बिनदिक्कत वाढतं. पानांच्या टोकाकडच्या पेशींत हरितद्रव्य नसतं, म्हणून ती चंदेरी झाक. उन्हात ते पार कोळपतं, पाणी मिळालं की पुन्हा हिरवं होतं. चपलेला चिकटलेला तुकडासुद्धा दुसरीकडे रुजतो. अंटार्क्टिकासह सातही खंडांवर ते पोचलंय.

त्याची अडचण एकच. नर आणि मादी रोपं वेगळी, आणि शुक्रपेशींना मादीपर्यंत पोचायला पाण्यातून पोहावं लागतं. पण 2006 साली स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं, की कोळीवर्गातले बारीक माइट आणि उड्या मारणारे स्प्रिंगटेल हे जीव या शुक्रपेशी वाहून नेतात. मध्ये पाण्याची सलग वाट नसली तरी मॉसचं अडत नाही!

माकड नाजूक आहे म्हणून मागे पडलं, असं मात्र नाही. वालपराईत ते घरांत शिरून खाणं पळवतं. काहींना यात हुशारी दिसते. मला ही नाइलाजाची गोष्ट वाटते. मॉसचे तुकडे झाले तर ते पसरतं, जंगलाचे झाले तर हे माकड अडकतं. पूल हवेतच, पण रस्ता रुंद करताना कडेची जुनी झाडं तोडली नाहीत आणि वर फांद्या एकमेकींना भिडू दिल्या, तर निम्मे पूल बांधावेच लागणार नाहीत.