भोपळा, दोर आणि शेततळे

वैशाखात सातारा जिल्ह्यातील ज्या थोड्या विहिरींत पोहण्याजोगे पाणी उरते, त्यांपैकी एकीच्या पायऱ्यांवर बसून पोरांना पोहावयास शिकविण्याचे काम न्याहाळीत असता प्रथम ध्यानात येते ते हे की, शिकविणारे वयोवृद्ध तात्या मुलांच्या हातापायांकडे फारसे पाहतच नाहीत. त्यांची दृष्टी तोंडांवर खिळलेली असते. वाळलेला भोपळा पाठीस बांधण्यापूर्वी तो पाण्याखाली दाबून, बुडबुडा येत नाही ना, याची ते खातरजमा करतात. गाठ इतर कोणास मारू देत नाहीत. आणि मुलाच्या कमरेच्या दोराचे टोक हातून क्षणभरही सुटू देत नाहीत. (भोपळ्याची जागा आता बहुधा तेलाच्या रिकाम्या डब्याने घेतली आहे, पांगाऱ्याच्या लाकडाचा बिंडा मात्र जाणती माणसे अजून जपून ठेवतात.)

“ओरडतंय ते पोर अजून तरतंय,” असे तात्या म्हणतात, आणि शरीरशास्त्रही त्यांच्याच बाजूने साक्ष देते: बुडणाऱ्याचे तोंड पाण्याबाहेर येते ते श्वासापुरते, हाकेसाठी नव्हे, त्याचे हात मदतीसाठी उंचावत नाहीत, तर बाजूंस पसरून नकळत पाणी खाली दाबीत राहतात, आणि जेमतेम मिनिटभरात, काठावरच्या मंडळींच्या गप्पांत खंडही न पडता, सारे आटोपते.

विहिरीला निदान पायऱ्या आणि कपारी असतात. शेततळ्याला त्याही नाहीत. ३० मीटर लांब, तितकेच रुंद आणि ३ मीटर खोल अशा तळ्याच्या उतरत्या बाजूंवर ५०० मायक्रॉन जाडीचे प्लास्टिकचे अस्तर अंथरलेले असते; त्यावर शेवाळ धरले की पाय ठरत नाही, बोटांना धरावयास काही मिळत नाही, आणि पट्टीचा पोहणाराही अखेर दमून तळाशी जातो; त्याला काढावयास उतरलेला भाऊ वा बापही त्याच वाटेने जातो. पुढे पंचनामा होतो, ठाण्याच्या दप्तरी अकस्मात मृत्यूची नोंद पडते. पाणी साठविण्यासाठी एवढा खर्च करणाऱ्याने दोरापुरती काटकसर करावी, हे मला अक्षम्य वाटते.

तळ्याभोवती कुंपण, फाटकास कुलूप, चारही बाजूंनी पक्क्या खुंट्यांना बांधून पाण्यात सोडलेले गाठींचे दोर आणि काठावर हवा भरलेली जुनी ट्यूब, एवढेच लागते. कोणी पडल्यास उडी न घेता काठावर पालथे पडून दोर, पागोटे, लुगडे, हाती येईल ते फेकावे. बाहेर काढल्यावर श्वास थांबला असेल तर पोटातले पाणी काढण्यात वेळ न दवडता तोंडाने श्वास देणे व छाती दाबणे सुरू करावे. ज्यांच्या शेतात असे तळे आहे, त्यांनी ही तजवीज मृगापूर्वीच करावी.