‘ॲडजस्ट’ दाबण्याआधी एक आकडा बघा



माझं दुकान प्लॅन प्रिंट आणि ड्रॉइंगचं. सर्व्हे करणारी मुलं फील्डची रीडिंग घेऊन येतात आणि म्हणतात, “सर, सॉफ्टवेअरमध्ये टाका, संध्याकाळपर्यंत प्रिंट द्या.” सुरुवातीला मीही तेच करायचो. रीडिंग टाकायची, ‘ॲडजस्ट’ दाबायचं, आकृती बंद झाली की प्रिंट.

एकदा असाच एका प्लॉटचा नकाशा दिला. त्यावरून कंपाउंडच्या पायाची आखणी झाली आणि टेप लावल्यावर बाजूंची मापं जुळेनात. चूक माझीच होती. ८४.३५ मीटरच्या जागी मी ८५.३५ टाइप केलं होतं. नव्या आखणीचा खर्च मी भरला. पण जास्त लागलं ते वेगळंच. सॉफ्टवेअरने ती चूक स्क्रीनवर दाखवली होती, मीच बघितली नव्हती.

म्हणून सर्व्हे किंवा ड्रॉइंगचं काम सुरू करणाऱ्यांसाठी आज हा विषय.

ट्रॅव्हर्स म्हणजे काय?

जमिनीभोवती स्टेशन ठरवायची. एकावरून दुसऱ्यावर कोन आणि अंतर मोजत जायचं आणि निघालो तिथेच परत यायचं. मोजमाप अचूक असेल तर शेवटचा बिंदू पहिल्यावर बसतो. प्रत्यक्षात तो थोडा हुकतोच. किती हुकला, याला क्लोजिंग एरर म्हणतात. दुकानात रात्री गल्ला आणि वही जुळवतो ना, तसंच हे आहे.

पहिला तपास कोनांचा

बंद आकृतीच्या आतल्या कोनांची बेरीज ठरलेली असते. बाजूंच्या संख्येतून २ वजा करा आणि १८०ने गुणा. चार बाजूंना ३६०°, पाच बाजूंना ५४०°. चार स्टेशनची बेरीज ३६०°००'४०" आली, तर ४० सेकंद जास्त आहेत. प्रत्येक कोनातून १० सेकंद कमी करायचे. पण फरक पूर्ण १ अंशाचा असेल तर तो वाटायचा नाही. कुठेतरी रीडिंग चुकलंय, फील्ड बुक उघडा.

इथे एक सापळा आहे. काही सॉफ्टवेअरमध्ये ३६.५२ टाकलं की ते ३६ अंश ५२ मिनिटं धरतं. काही ठिकाणी तेच ३६.५२ अंश होतं, म्हणजे ३६°३१'१२". या फरकाने १०० मीटरवर बिंदू सुमारे ६० सेंटिमीटर सरकतो. कोन कोणत्या पद्धतीने लिहायचा, ते सेटिंग आधी तपासा. एक्सेलमध्ये करत असाल तर साइन-कोसाइनसाठी अंशांचं रेडियन करायला विसरू नका.

दुसरा तपास अंतराचा

प्रत्येक बाजूची लांबी गुणिले बेअरिंगचा कोसाइन म्हणजे लॅटिट्यूड, उत्तर-दक्षिण सरक. लांबी गुणिले साइन म्हणजे डिपार्चर, पूर्व-पश्चिम सरक. निघालो तिथे परत आलो, म्हणजे दोन्हींची बेरीज शून्य यायला हवी.

समजा एकूण लांबी ४०० मीटर आहे. लॅटिट्यूडची बेरीज +०.०६ आणि डिपार्चरची −०.०८ आली. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढा: ०.१० मीटर. ४०० मीटरला १० सेंटिमीटर, म्हणजे १:४०००. हाच तो आकडा. तो चालेल की नाही, हे कामाच्या अटींवरून ठरतं. म्हणून ऑर्डर घेतानाच विचारून लिहून घ्या.

आकडा अटीत बसला तरच ‘ॲडजस्ट’. बाउडिच पद्धत चूक बाजूंच्या लांबीच्या प्रमाणात वाटते. वरच्या उदाहरणात १०० मीटरच्या बाजूला लॅटिट्यूडमध्ये −०.०१५ आणि डिपार्चरमध्ये +०.०२० अशी दुरुस्ती मिळते.

माझी चूक कशी सापडली असती?

त्या दिवशी लॅटिट्यूडची बेरीज साधारण +०.८० होती, डिपार्चरची +०.६०. म्हणजे १ मीटरची चूक, दिशा ३६°५२'च्या आसपास. माझ्या एका बाजूचं बेअरिंग नेमकं तेवढंच होतं! एकाच अंतराचा घोळ असेल, तर क्लोजिंग एरर त्या बाजूला समांतर येते. ती बाजू पुन्हा तपासली असती तर दोन मिनिटांत सुटलं असतं. मी ‘ॲडजस्ट’ दाबलं आणि ती एक मीटरची चूक चारही बाजूंत वाटली गेली. आकृती बंद झाली, नकाशा मात्र खोटा झाला.

आकृती बंद झाली तरी...

काही चुका यात दिसतच नाहीत. प्रिझमचा कॉन्स्टंट चुकून १०० मीटरच्या चौरसाची प्रत्येक बाजू ३० मिलिमीटरने मोठी आली, तरी आकृती छान बंद होते. क्षेत्रफळ मात्र ६ चौरस मीटरने वाढतं. म्हणून सकाळी काम सुरू करण्याआधी माहीत असलेलं एक अंतर मोजून बघा.

धंद्याची गोष्ट

आता मी प्रत्येक नकाशासोबत एक पान देतो. कोनांची चूक, अंतराची चूक, गुणोत्तर आणि दुरुस्तीची पद्धत, एवढंच त्यावर असतं. गिऱ्हाईक कमी रेट दाखवून घासाघीस करायला लागलं की मी ते पान पुढे ठेवतो. शिवाय नकाशावर स्पष्ट लिहितो, की हा आखणी आणि बांधकामासाठी आहे. हद्दीचा वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणीच करून घ्या, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा. आपण देऊ शकत नाही ते विकायचं नाही.

या आठवड्यात एक काम करा. जुन्या एका कामाची रीडिंग काढा आणि ‘ॲडजस्ट’ न दाबता हा हिशेब हाताने करा. आकडा वाईट आला तर घाबरू नका. गिऱ्हाइकाआधी तो तुम्हाला दिसला, हाच फायदा.