डोळ्यासमोरचं प्लास्टिक, डोळ्यातलं प्लास्टिक

पावसाळा ओसरू लागला की संध्याकाळी सायकल चालवणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. नदीकाठच्या किंवा तळ्याकाठच्या रस्त्याने जाताना चिलटांचा थवा तोंडावर येतो आणि त्यातलं एखादं नेमकं डोळ्यात शिरतं. सकाळच्या उन्हात गॉगल असतो, पण दिवेलागणीला काळा गॉगल लावून सायकल कशी चालवणार? मग बहुतेक जण डोळे किलकिले करून तेवढा पट्टा पार करतात.

ही चिलटं बहुधा कायरोनोमिड कुळातली, न चावणारी असतात. त्यांच्या अळ्या पाण्याच्या तळाशी गाळात वाढतात. अनेक जातींच्या अळ्यांच्या अंगात चक्क हिमोग्लोबिन असतं. त्यामुळे त्या लालभडक दिसतात आणि प्राणवायू जेमतेम असलेल्या सांडपाण्यातही तग धरतात. शहरातल्या नदीत मासे उरले नाहीत तरी चिलटं का वाढतात, याचं उत्तर या लाल रंगात आहे. संध्याकाळचा थवा जवळजवळ सगळा नरांचा असतो. एखादं झुडूप, खांब किंवा रस्त्याची कड खुणेला धरून ते तिच्यावर घिरट्या घालतात आणि माद्या त्या थव्यात शिरतात. सायकलस्वाराचा चेहरा पुष्कळदा या थव्याच्याच उंचीवर असतो.

पापणी आहे ना डोळ्याच्या राखणीला? आहे, आणि तिचं मिटणं ही शरीराच्या सर्वांत चपळ प्रतिक्षिप्त क्रियांपैकी एक आहे. तरी तिला साधारण एक दशांश सेकंद लागतो. ताशी 5 किलोमीटर वेगाने चालणारा माणूस तेवढ्या वेळात जेमतेम 14 सेंटिमीटर पुढे जातो. ताशी 25 किलोमीटरने जाणारा सायकलस्वार 70 सेंटिमीटर जातो आणि घाट उतरताना वेग 50 वर गेला, तर जवळजवळ दीड मीटर. काही मिलिमीटर लांबीचं चिलट इतक्या दुरून, मावळत्या उजेडात कुणाच्या लक्षात येणार? पापणी माणसाच्या चालण्याच्या वेगाला पुरेशी आहे. चाकाच्या वेगाला ती कमी पडते.

चिलट तरी मऊ असतं. समोरून ताशी 60 किलोमीटरने येणाऱ्या डंपरच्या टायरमधून खडीचा कण तितक्याच वेगाने 25 ने जाणाऱ्या सायकलस्वाराकडे उडाला, तर दोघांचा सापेक्ष वेग 85 होतो. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे हवेत नुसत्या तरंगणाऱ्या तेवढ्याच कणापेक्षा हा कण साडेअकरा पट ऊर्जेने आदळतो. आणि तो आदळतो कशावर? बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर, म्हणजे पारपटलावर. मध्यभागी त्याची जाडी अर्धा मिलिमीटरच्या आसपास असते. त्यात रक्तवाहिन्या नसतात, चेतातंतू मात्र शरीरात इतरत्र क्वचितच आढळतील इतके दाट असतात. धुळीचा एक कण माणसाला रस्त्याकडेला थांबायला लावतो तो यामुळेच.

गॉगल न लावल्याची सर्वांत महागडी आणि सर्वांत फलदायी गोष्ट मात्र सायकलवर घडली नाही. ती घडली 15 ऑगस्ट 1940 रोजी, इंग्लंडच्या आकाशात. गॉर्डन क्लीव्हर हा तिथल्या हवाई दलाच्या 601 स्क्वाड्रनचा वैमानिक. पट्टीचा स्कीपटूही होता; ऑस्ट्रियातल्या किट्झब्युहेलची सुप्रसिद्ध हानेनकाम स्पर्धा 1931 मध्ये पहिल्यांदा भरली, तेव्हा एकत्रित विजेतेपद त्यानेच मिळवलं होतं. त्या दिवशी घाईत त्याचा गॉगल घालायचा राहिला, असं सांगतात. शत्रूच्या गोळ्यांनी त्याच्या हरिकेन विमानाचं पर्स्पेक्स या पारदर्शक प्लास्टिकचं छत फुटलं आणि त्याच्या चिरफळ्या दोन्ही डोळ्यांत घुसल्या. तशा अवस्थेत त्याने पॅराशूटने उडी मारली आणि जीव वाचवला. उजवा डोळा मात्र कायमचा गेला.

अशा जखमी वैमानिकांचे डोळे तपासणाऱ्यांत हॅरॉल्ड रिडली हे नेत्रतज्ज्ञ होते. त्यांना एक गोष्ट जाणवली. काचेचा किंवा धातूचा तुकडा डोळ्यात राहिला, तर डोळा पुष्कळदा लाल होतो, सुजतो. पर्स्पेक्सचे तुकडे मात्र डोळ्यात निमूट पडून राहत होते. मोतीबिंदू काढल्यावर जाड भिंगांचा चष्मा द्यायचा, हीच तेव्हाची रीत. त्याऐवजी डोळ्यातच पर्स्पेक्सचं भिंग बसवलं तर? 29 नोव्हेंबर 1949 रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात रिडलींनी ते करून दाखवलं.

कौतुक व्हायला हवं होतं, पण वाट्याला टीका आली. डोळ्यातून नको असलेल्या वस्तू बाहेर काढणं हे नेत्रतज्ज्ञाचं काम, आणि हा माणूस आत घालतो, असा त्या काळच्या मोठ्या नावांचा आक्षेप होता. ब्रिटनमधले सर्वांत वजनदार नेत्रतज्ज्ञ ड्यूक-एल्डर यांनी 1951 मध्ये ऑक्सफर्डच्या परिषदेत रिडलींचे रुग्ण बघायलाही नकार दिला. सुरुवातीच्या भिंगांत दोष होते हे खरं. पण रुग्ण न बघताच दिलेल्या निकालाला विज्ञान म्हणता येत नाही. रिडलींना सर ही पदवी मिळाली ती 2000 साली, वयाच्या 93 व्या वर्षी. तोवर जगभर लाखो माणसं त्यांच्या कल्पनेमुळे वाचू-लिहू लागली होती. मदुराईच्या ऑरोलॅबने 1992 पासून ही भिंगं भारतात स्वस्तात बनवली आणि आज मराठी घरांतल्या आजी-आजोबांच्या डोळ्यांत जे ‘भिंग बसवतात’, ते याच कल्पनेतून आलं. खुद्द क्लीव्हरच्या उरलेल्या डोळ्यात मोतीबिंदू झाला, तेव्हा 1987 मध्ये त्यालाही असंच भिंग बसवलं गेलं. रिडलींचं नाव शाळेच्या पुस्तकांत पेनिसिलिनवाल्या फ्लेमिंगच्या शेजारी असायला हवं.

पर्स्पेक्स डोळ्यात शांत राहतं, पण डोळ्यासमोर धरायला ते बरं नाही, कारण जोरदार आघाताने ते फुटतं. त्यासाठीचं प्लास्टिक 1953 मध्ये सापडलं, तेही दोन ठिकाणी, जवळजवळ एकाच सुमारास: जर्मनीत बायर कंपनीत हर्मान श्नेल यांना आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये डॅनियल फॉक्स यांना. फॉक्स तारांवरच्या विद्युतरोधक आवरणासाठी द्रव्य शोधत होते. ढवळण्याच्या दांड्याला एक पारदर्शक गोळा चिकटून बसला, तो फुटता फुटेना. हेच पॉलिकार्बोनेट. पुढे अपोलो मोहिमेतल्या चांद्रवीरांच्या शिरस्त्राणातही तेच होतं.

सायकल शर्यतींत डोळ्यांची काळजी मात्र मागे-पुढे होत राहिली. टूर द फ्रान्सच्या सुरुवातीच्या दशकांत, कच्च्या रस्त्यांच्या काळात, स्पर्धकांच्या कपाळावर धूळ अडवणारे जाड गॉगल दिसतात. रस्ते डांबरी झाले आणि ते गेले. 1980 च्या दशकात ग्रेग लेमाँडसारख्या स्पर्धकांनी मोठे, चेहऱ्याला लपेटणारे चष्मे पुन्हा आणले. त्याबरोबर जाहिरातीही आल्या. शर्यतीत हेल्मेट 2003 पासून सक्तीचं झालं, चष्मा आजही ऐच्छिक आहे.

जाहिरातींतल्या रंगांच्या आणि किमतींच्या भुलाव्यात पडण्याचं कारण नाही. साधा पारदर्शक पॉलिकार्बोनेट चष्मा 380 नॅनोमीटरपर्यंतचे अतिनील किरण जवळजवळ पूर्ण अडवतो. काळेपणाचा आणि अतिनील किरण अडवण्याचा काही संबंध नाही. उलट अतिनील न अडवणारी काळी काच वाईटच, कारण अंधारामुळे बाहुली मोठी होते. दुकानदार कार्डावरचं लपलेलं चित्र दाखवतो, तेव्हा चष्मा पोलराइज्ड आहे एवढंच सिद्ध होतं, अतिनीलाबद्दल काहीच नाही. कारखान्यातल्या कामगारांसाठी असलेले सुरक्षा-चष्मे सायकलीला उत्तम चालतात. त्यांच्यावर ‘झेड 87+’ ही खूण असेल, तर त्या प्रकारच्या भिंगाने चाचणीत पाव इंची पोलादी गोळीचा सेकंदाला सुमारे 46 मीटर, म्हणजे ताशी 165 किलोमीटर वेगाचा मारा सोसलेला असतो. नंबर असलेल्यांनी चष्मेवाल्याकडून पॉलिकार्बोनेटची भिंगं मागून घ्यावीत. या भिंगांवर ओरखडे लवकर पडतात. कोरड्या रुमालाने न पुसता आधी पाण्याने धुवावीत.

एवढं करूनही कडेने काही आत गेलंच, तर डोळा चोळू नये. पावसाळ्यात दिव्याभोवती येणारा नारिंगी-काळा पिडेरस भुंगा चावत नाही, पण चिरडला की त्यातलं पिडेरिन हे विष त्वचेवर फोड आणतं. 2022 मध्ये सिक्कीममधल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी ते अनुभवलं. स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा. रुमालाचं टोक, जीभ, पान यांनी कण काढू नये. दुसऱ्या दिवशीही खुपत असेल, तर नेत्रतज्ज्ञाकडे जावं. औषधाच्या दुकानातून मनाने थेंब आणू नयेत. भारतात बुबुळाच्या जखमा चिघळण्यामागे बुरशीचा वाटा मोठा आहे, विशेषतः काडी, पान किंवा उसाच्या पात्याने ओरखडा आला असेल तर. अशा जखमेत स्टेरॉइडचे थेंब पडले, तर लाली तात्पुरती ओसरते, बुरशी मात्र आत पसरत जाते आणि बुबुळावर कायमचं फूल पडू शकतं.