कात ओढू नका!

शीळफाट्याला पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, पण एसी लावलेल्या बेडरूममधली हवा कोरडीच. तुमच्याकडच्या बॉल पायथनची कात तुकड्यातुकड्यांनी निघतेय? बहुतेकदा कारण हेच. डोळे दुधाळ झाले की त्याला नीट दिसत नाही, तेव्हा हाताळू नका. पेटीतली आर्द्रता ६०-७० टक्क्यांवर न्या, ओलं मॉस भरलेला डबा आत ठेवा. कात अडकली तर कोमट, उथळ पाण्यात भिजू द्या. डोळ्यावरची कात चिमट्याने ओढाल, तर डोळ्यालाच इजा होईल, पशुवैद्य गाठा.

‘परिवेश’ पोर्टलवर त्याची नोंदणी हवीच. आणि पारसिकच्या डोंगराकडून आलेली धामण? ती पाळणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा. रील नंतर, आधी वनखात्याला १९२६ वर फोन लावा.