लाजाळूपणा कोठें संपतो?

माजलगाव हें बीड जिल्ह्यांतील सिंदफणेच्या कांठचें तालुक्याचें गांव. जवळच्या मोठ्या धरणामुळें आणि त्यावर पोसलेल्या उसामुळें तें मराठवाड्यांत बहुतेकांस ठाऊक आहे. अशा गांवांतील एका लग्नाची पंगत डोळ्यांपुढें आणावी. पत्रावळी मांडल्या आहेत, मंडळी बसली आहेत, आणि घरचे तरुण मुलगे वाढावयास निघाले आहेत. त्यांपैकीं एक मुलगा मान खालीं घालून वाढतो. “अरे, जरा आग्रह कर कीं,” असें काकांनीं म्हटलें, तर त्याच्या कानाच्या पाळ्या लाल होतात आणि तोंडांतून शब्द निघत नाहीं. परंतु तिसरी पंगत बसेपर्यंत तोच मुलगा जिलेबीचें ताट घेऊन आत्याची थट्टा करूं लागतो. त्याचा चुलतभाऊ मात्र मांडवांत नाहीं. पोट दुखत असल्याचें सांगून तो घरीं निजून आहे. पोट खरोखरच दुखत आहे. पण तें लग्नाची तिथि ठरल्या दिवसापासून दुखत आहे. सर्वांच्या डोळ्यांदेखत वरणाची पळी धरतांना हात कांपेल, वरण कोणाच्या तरी सदऱ्यावर सांडेल, आणि “याला साधें वाढतांहि येत नाहीं” असें सारें गांव म्हणेल, हें चित्र त्यानें दोन महिने रोज रात्रीं पाहिलें आहे.

घरच्या माणसांच्या बोलण्यांत हे दोघेहि ‘लाजाळूच’. पहिल्यास तें नांव शोभतें. दुसऱ्यास तें देणें म्हणजे हिंवतापाच्या रोग्यास ‘अंग जरा कोमट लागतें’ म्हणण्यासारखें आहे.

या प्रांतांत मराठी भाषा कांहीं गरीब नाहीं. लाज, भीड, संकोच, बुजरेपणा. माणूस घुमा, भिडस्त, मुखदुर्बळ. आणि याच्या उलट जो तो सभाधीट. या शब्दांत बारीक भेद आहेत. लाज आपल्या कृत्याची किंवा अंगच्या मर्यादेची असते. भीड दुसऱ्या माणसाची असते. म्हणून ती मोडतां येते, आणि न मोडणाऱ्यास ती भिकेची बहीण होऊन भेटते. बुजणें हें तर गोठ्यांतूनच आलें आहे. नवा माणूस पाहून वासरूं बुजतें, आणि चार दिवसांनीं त्याचाच हात चाटूं लागतें. परंतु ज्या भयांत चार दिवसांनींच काय, चार वर्षांनींहि उतार पडत नाहीं, त्यास रोजच्या भाषेंत वेगळें नांव नाहीं. मानसशास्त्रावरील मराठी लेखनांत आतां ‘सामाजिक भयगंड’ हा शब्द रूढ झाला आहे.

अर्थात् इतरत्रहि हें नांव फार जुनें नाहीं. फ्रान्समधील मानसशास्त्रज्ञ प्येर जाने यानें १९०३ च्या सुमारास चारचौघांत बोलण्याचें, लिहिण्याचें वा वाद्य वाजविण्याचें भय बाळगणाऱ्या रोग्यांचा एक निराळा वर्ग कल्पिला. पुढें १९६६ सालीं लंडनच्या मार्क्स व गेल्डर या दोघां वैद्यांनीं निरनिराळीं भयें कोणत्या वयांत सुरू होतात हें ताडून पाहिलें, तेव्हां प्राण्यांचें भय बाळपणीं उगवतें तर लोकांचें भय वयांत येतांना, असा फरक त्यांना दिसून आला. अमेरिकेंतील मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत रोगनिदानसूचींत या विकारास १९८० सालीं प्रथम स्वतंत्र जागा मिळाली.

लाजाळूपणा हा रोग नव्हे, ही गोष्ट येथें स्पष्टपणें सांगितली पाहिजे. तो स्वभावाचा एक रंग आहे. अमेरिकन संशोधक जेरोम केगन यानें लहान मुलांचें वर्षानुवर्षें निरीक्षण केलें. कांहीं मुलें अगदीं तान्हेपणापासून नवीन वस्तु, नवीन माणूस, नवीन आवाज यांना दचकतात, आणि त्यांपैकीं पुष्कळ पुढें वाढत्या वयाबरोबर मोकळींहि होतात, असें त्यास आढळलें. फिलिप झिंबार्डो यानें स्टॅनफर्ड येथें जी चौकशी केली तींत सुमारे शेंकडा ४० लोकांनीं आपण लाजाळू असल्याचें सांगितलें. ज्या गुणावर इतक्या लोकांचा हक्क, त्यास व्याधि कसें म्हणावें? परंतु या दोहोंचा संबंध किती, हेंहि मोजून झालें आहे. अमेरिकेंतील दहा हजारांहून अधिक किशोरवयीन मुलांच्या पाहणीचा निष्कर्ष २०११ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील जवळजवळ निम्म्या मुलांनीं स्वतःस लाजाळू म्हणविलें. पण त्या लाजाळू मुलांपैकीं सुमारे आठांत एकासच सामाजिक भयगंड होता. शिवाय जीं मुलें स्वतःस लाजाळू म्हणवीत नव्हतीं, त्यांतहि शेंकडा पांच मुलांना तो होता. म्हणजे लाज वाढत वाढत जाऊन तिचाच रोग होतो, ही समजूत सर्वांशीं खरी नाहीं. वरून हसरा, बोलका दिसणारा माणूसहि आंतून या भयानें पोखरलेला असूं शकतो.

मग ओळखावें कसें? वैद्य जीं गमकें पाहतात तीं थोडक्यांत अशीं. भय असतें तें लोकांच्या नजरेचें व निर्णयाचें. आपण हास्यास्पद ठरूं, लोक आपल्याला नाकारतील याचें. तसा प्रसंग आला कीं तें जवळजवळ प्रत्येक वेळीं उठतें. माणूस तो प्रसंग टाळतो, किंवा जीव मुठींत धरून कसाबसा पार पाडतो. भय आणि प्रत्यक्ष धोका यांचें प्रमाण राहत नाहीं. ही अवस्था सहा महिने वा अधिक काळ टिकते, आणि तीपायीं शिक्षण, नोकरी, संसार यांत खोट येते. मुलांच्या बाबतींत आणखी एक मार्मिक अट आहे: भय बरोबरीच्या मुलांतहि वाटलें पाहिजे. गुरुजींपुढें गप्प बसणारें, पण सुटी होतांच ओरडत धांवणारें मूल आजारी नव्हे. तें फक्त गुरुजींना भितें, आणि त्यांत त्याचें फारसें चुकत असेल असेंहि नाहीं.

माजलगावच्या शिक्षकास याहून एक अवघड भेद करावा लागतो. बीड जिल्ह्यांतील हजारों कुटुंबें दसऱ्याच्या सुमारास ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. त्यांच्याबरोबर जाऊन आलेलें मूल पुन्हां वर्गांत बसतें तेव्हां धडा पुढें गेलेला असतो, सोबती बदललेले असतात, आणि तें मुकें होतें. हें मौन परकेपणाचें आहे. धडा समजूं लागला आणि शेजारीं एक मैत्र मिळालें कीं तें सुटतें. तद्वत् स्पर्धापरीक्षेसाठीं पुण्यास गेलेला तरुण आपल्या बीडकडच्या बोलीस कोणी हसेल म्हणून पहिले कांहीं दिवस जपून बोलतो. तेंहि स्वाभाविक आहे. पण लेखी परीक्षा उत्तम उतरूनहि जो मुलाखतीच्या दिवशीं गांवाकडच्या गाडींत बसून निघून जातो, त्याची गोष्ट वेगळी.

मुलींच्या बाबतींत तर हा विकार दिसूनहि दिसत नाहीं. मुलगा बोलेनासा झाला तर घरांत काळजी वाटते, निदान त्याची चेष्टा तरी होते. मुलगी बोलेनाशी झाली तर शेजारणी तिची स्तुति करितात. लाज हा स्त्रीचा दागिना, या एका वाक्यानें किती मुलींचें दुखणें झांकलें गेलें असेल! ती दुकानांत सुटे पैसे परत मागत नाहीं. दवाखान्यांत काय होतें तें सांगत नाहीं. वर्गांत उत्तर येत असून हात वर करीत नाहीं. महाविद्यालयांत तोंडी परीक्षेच्या दिवशीं तिला ताप येतो, आणि पुढल्या वर्षीं ती नांवच घालीत नाहीं. “आमची मुलगी फार शांत आहे हो,” असें आई पाहुण्यांस अभिमानानें सांगते. त्या शांततेच्या मागें काय चाललें आहे, हें त्या मुलीस कोणी एकांतांत, न हसतां, विचारलेलेंच नसतें.

मागें चाललेलें असतें तें असें. सामान्य लाजरा माणूस लोकांकडे पाहून लाजतो; भयगंडाच्या माणसाचें लक्ष लोकांवरून उडून स्वतःवर खिळतें. आपला आवाज कसा येत आहे, कपाळावर घाम दिसतो कीं काय, हात कोठें ठेवावे, याचाच तो आंतल्या आंत पहारा करितो. त्या गडबडींत समोरचा माणूस प्रेमानें हसला हें त्याला दिसतच नाहीं. मग तो बचावाच्या युक्त्या योजितो: पेला दोन्ही हातांनीं धरणें, वाक्य मनांत दहा वेळां घोळविणें, कोपऱ्यांतली खुर्ची, खिशांतला फोन उगाच पाहणें, कोणी निघण्यापूर्वीं मद्याचा आधार घेतो. प्रसंग निभावतो, पण श्रेय युक्तीस जातें. ‘युक्ति नसती तर फजितीच होती’ ही समजूत अधिकच घट्ट होते. ऑक्सफर्ड येथील डेव्हिड क्लार्क व एड्रियन वेल्स यांनीं १९९५ मध्यें हें चक्र मांडून दाखविलें.

या संदर्भांत मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टांतील एक प्रसंग आठवण्याजोगा आहे. विलायतेहून बॅरिस्टर होऊन १८९१ सालीं परतलेले मोहनदास गांधी ममीबाई नांवाच्या एका बाईच्या वतीनें उलटतपासणीस उभे राहिले. डोकें गरगरूं लागलें, कोर्टहि फिरतें आहेसें वाटलें, प्रश्न सुचेना. ते खालीं बसले, घेतलेले ३० रुपये परत केले, पटेल नांवाच्या वकिलास काम देण्यास सांगितलें आणि तेथून निघून गेले. हें सर्व त्यांनीं स्वतःच आत्मकथेंत नोंदलें आहे. शाळा सुटतांच कोणी बोलेल या भीतीनें घरीं पळणारा मुलगा, आणि इंग्लंडांत एका सभेंत एका पानाचें भाषण हातीं असून वाचतां न आल्यानें तें मजमुदारांकडून वाचवून घेणारा विद्यार्थी, हेहि तेच. गांधींना भयगंड होता असें मात्र कोणी म्हणूं नये. गेलेल्या माणसाचें निदान दुरून करणें हा वैद्यकाचा दुरुपयोग होय. पण १८९३ सालीं प्रिटोरिया येथें हिंदी व्यापाऱ्यांपुढें तेच गृहस्थ नीट बोलले, आणि तें त्यांच्या आयुष्यांतील पहिलें जाहीर भाषण ठरलें. त्या दिवशीं विषय त्यांचा स्वतःचा नव्हता; समोरच्या लोकांच्या व्यवहारांतील सचोटीचा आणि त्यांच्या हालांचा होता. लक्ष स्वतःवरून उठून कामावर जाऊन बसलें, असा त्याचा अर्थ लावण्यास जागा आहे.

उपचाराची दिशाहि बरीचशी हीच आहे. अल्बर्ट एलिस हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एकोणीस वर्षांचा असतांना स्त्रियांशीं बोलण्यास अतिशय भीत असे. त्यानें न्यूयॉर्कच्या एका वनस्पति-उद्यानांत महिनाभर रोज जाऊन बांकावर एकट्या बसलेल्या प्रत्येक स्त्रीशीं बोलण्याचा नेम केला. १३० भेटल्या, ३० उठून गेल्या, उरलेल्या शंभरांशीं बोलणें झालें. पुन्हां भेटण्याचें वचन एकीनेंच दिलें, आणि तीहि आली नाहीं. पण कोणी किंचाळलें नाहीं, पोलिसांस बोलाविलें नाहीं. भय मात्र गेलें. पुढें १९५५ च्या सुमारास त्यानें जी विवेकनिष्ठ उपचारपद्धति रचिली, ती मराठी वाचकांपर्यंत पोंचविण्याचें मोठें काम मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनीं केलें. विचार तपासणें आणि भीतीच्या प्रसंगास पायरीपायरीनें सामोरें जाणें, हा या विकाराच्या मानसोपचाराचा आज सर्वमान्य गाभा आहे.

औषधेंहि आहेत. मेंदूंतील सेरोटोनिन या द्रव्याच्या व्यवहारावर काम करणारीं औषधें कांहीं आठवड्यांनीं गुण देतात. तीं वैद्याच्या देखरेखीवांचून घेऊं किंवा एकाएकीं सोडूं नयेत. अमेरिकेंत १९९९ पासून यांपैकीं एका औषधाची या विकारासाठीं जोरानें जाहिरात झाली, तेव्हां साध्या लाजेचाच आतां बाजार मांडणार काय, असा प्रश्न पुष्कळांनीं विचारला, आणि तो अगदींच वावगा नव्हता. परंतु त्या शंकेच्या आड खऱ्या रोग्याचा उपचार थांबूं नये. बीड जिल्ह्यांतच अंबाजोगाई येथें स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नांवाचें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथें मानसोपचाराचा विभाग आहे. ज्यास दवाखान्याच्या रांगेंत उभें राहण्याचेंच भय, त्याच्यासाठीं केंद्र सरकारनें १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनिसेवा सुरू केली आहे. फोन करण्याचेंहि भय असणाऱ्यासाठीं पहिला फोन घरच्या कोणी तरी लावून द्यावा.

आणि पंगतींतून पळालेल्या त्या मुलाचें काय? त्याला ओढून मांडवांत आणणें व्यर्थ, “भितोस कशाला?” हा प्रश्न तर त्यानें स्वतःस हजार वेळां विचारलेला असतो. जाणता मानसोपचारक त्याच्याकडूनच भयाची उतरंड लिहवून घेईल. पत्रावळीच्या कोपऱ्यांत मीठ वाढण्यास हात स्थिर लागत नाहीं. तेव्हां प्रथम मीठ, तेंहि घरच्या दहा माणसांत. त्यानंतर लिंबाची फोड. मग कोशिंबीर, आणि वाढतांना आपल्या हाताकडे न पाहतां जेवणाऱ्याच्या तोंडाकडे पाहावयाचें. पुढें भाजी. हात कांपला तर कांपूं द्यावयाचा, पळी दोन्ही हातांनीं धरावयाची नाहीं. एके दिवशीं वरण, आणि तें मुद्दाम थोडेसें पानाबाहेर सांडून, कोण काय म्हणतें तें ऐकावयाचें. बहुधा म्हातारे आजोबा पान जरा सरकवून घेतात, आणि आणखी थोडा भात मागतात.